सांगाती काजू प्रायव्हेट लिमिटेडच्या दारी पालखी

मृणालीचा निबंध शमिका मॅडमनी परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईची एकही रेघ नव्हती, आणि तिथेच काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं. मॅडम ज्याच्या कागदावर लाल रेघोट्या ओढत, त्याने निदान चुकण्याइतकं तरी काही लिहिलेलं असे. कोरा कागद म्हणजे वाचण्यासारखं काही सापडलंच नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘खटला बरोबर आहे. पण ह्यात कंपनी कुठे आहे? मला दिसली नाही. शिमग्याच्या सुट्टीनंतर पुन्हा.’

मृणाली रत्नागिरीला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पाठांतरात ती कधी कोणाला हार गेली नव्हती. खटलाही साधासुधा नव्हता, कंपनी कायद्याचं पहिलं पान उघडलं की जो समोर येतो तो, सालोमन विरुद्ध सालोमन आणि कंपनी. लंडनमधल्या सालोमन नावाच्या बूट करणाऱ्याने आपल्या चालत्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात माणसं लागत होती, म्हणून बायकोला आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकी सगळे स्वतःकडे ठेवले. पुढे कंपनी बुडाली. ज्यांची येणी थकली होती ते म्हणाले, कसली कंपनी घेऊन बसलात, हा सालोमनच आहे, धरा त्यालाच. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्यांची बाजू उचलून धरली. शेवटी १८९६ साली सर्वांत वरच्या न्यायासनाने सांगितलं की नाही, कायद्याप्रमाणे जन्माला आली की कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती. सालोमन वेगळा आणि ती वेगळी.

हे सगळं मृणालीने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं. आता जी व्यक्ती बघता येत नाही, बोलत नाही, जेवत नाही, ती मॅडमना कुठून आणून दाखवायची? आंबेखोलच्या एसटीत खिडकीशी बसून तिने ह्यावर खूप डोकं चालवलं आणि शेवटी तिला झोप लागली.

आंबेखोलला तिची वाट बघणारी एक कंपनी होतीच, पण तिच्याकडे कंपनी म्हणून बघायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं. तिचे वडील आप्पा जन्मभर जहाजावर इंजिनखात्यात होते. त्यांचा जिवलग आत्माराम मुंबईच्या गोदीत होता आणि मृणाली लहान असतानाच गावी परतला होता. दोघं एकाच शाळेच्या एकाच बाकावर बसलेले आणि एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. आप्पाही गावी परतले तेव्हा बसून काय करायचं म्हणून त्यांनी काजूचा कारखाना काढला. जहाजावरची पुंजी आप्पांची, कातळावरची जागा आत्मारामची. हिशेब बघणाऱ्याने कंपनी करा म्हटलं, त्यांनी केली. जागा कंपनीच्या नावावर झाली, पुंजी कंपनीत गेली, आप्पांचे शेअर थोडे जास्त झाले, आणि दोघंही जिथे दाखवलं तिथे सह्या करून सगळं विसरून गेले. सांगाती काजू प्रायव्हेट लिमिटेड हे नाव मृणालीने सुचवलेलं. ती शेड आता वाडीतल्या बायकांच्या बोलण्याने आणि भाजलेल्या बियांच्या वासाने दिवसभर भरलेली असे.

मृणाली घरी पोचली त्याच संध्याकाळी गावाचा पहिला मानकरी, सखाराम गावकर, पडवीत आला. शिमग्यात आंबेखोलची ग्रामदेवता नवलाई पालखीत बसून घरोघरी जाते. दारात पालखी टेकली की गावकर घरधन्याचं नाव घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतो आणि सगळा गाव त्याला होकार भरतो. ते नाव त्या आवाजात ऐकण्यासाठी मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. सखाराम म्हणाला की कातळावरच्या शेडीत दिवा लागतो, माणसं राबतात, म्हणजे ते आता घर झालं. यंदापासून पालखी तिथेही थांबेल. फक्त गाऱ्हाण्यात नाव कोणाचं घ्यायचं तेवढं सांगा.

आत्मारामही तिथेच चहाची वाट बघत बसला होता. आप्पा लगेच म्हणाले की आत्मारामचं घ्या, जागा त्याची. आत्माराम म्हणाला छे छे, आप्पाचं घ्या, शेड उभी केली त्याने. आता आपल्याकडची रीत अशी की पहिल्या नकाराला नकार धरत नाहीत. दोनदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा माणूस आढेवेढे घेत हो म्हणतो आणि सगळ्यांचा मान राहतो. आप्पा पुन्हा आग्रह करणारच होते. पण नेमका तेव्हाच त्यांनी गरम चहाचा मोठा घोट घेतला होता, तो धड गिळवेना, धड थुंकवेना. सखाराम सरळ माणूस. त्याने एवढंच ऐकलं आणि म्हणाला, “बरा तर, आप्पाचा घेतो,” आणि उठून पुढच्या घरी गेला.

 आत्माराम चपला घालून निघाला. त्याचा चहा कपात तसाच होता, आणि मृणालीच्या आईने, मथुराने, तो उचलताना तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेतलं. आत्मारामने ह्या घरातला चहा टाकून जाणं हे तिने उभ्या संसारात बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडीच्या फाटकाला आत्मारामचं कुलूप होतं. जागा आपली आहे, त्याने सांगून पाठवलं. विजेच्या खोलीची किल्ली आप्पांकडे होती, त्यांनी ती कनवटीला लावली. यंत्रं आपली आहेत, त्यांनी उलट सांगून पाठवलं. म्हणजे एकाला आत जाता येईना आणि दुसऱ्याला आत गेल्यावर उजेड करता येईना. ऐन हंगामात बायका फणसाखाली बसून राहिल्या, आणि बी विकायला आलेली माणसं पोती घेऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी आत्मारामचा शेवटचा निरोप आला: शिमगा झाला की वाटण्या करू. जागा मी घेतो, यंत्रं तू ने.

आप्पांनी मृणालीला समोर बसवलं आणि घरातला वकील काय म्हणतो ते विचारलं. तिला वाटलं, हा खटला दुसऱ्या कशासाठी पाठ केला आपण? तिने मन लावून सगळा सालोमन सांगितला. आप्पांनी डोळे मिटून ऐकला.

“जिंकला कोण?”

“सालोमन.”

“आणि शेअर कोणाचे जास्त?”

“सालोमनचे. पण आप्पा, मुद्दा तो नाही...”

“झाला तर,” आप्पा म्हणाले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सकाळी त्यांनी स्टॉपवरच्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगितली. दुपारी आत्मारामने मृणालीला वाटेत गाठलं आणि एकच विचारलं, न्यायाधीशांच्या मते कंपनी त्या माणसाची नव्हती, हे खरं का? ती म्हणाली हो, कंपनी वेगळी. “मग आप्पाचा नाव कशाला?” म्हणून तोही मोठ्या समाधानाने घरी गेला. दिवेलागणीपर्यंत आंबेखोलात सालोमनचे दोन पक्ष झाले होते. वरच्या वाडीचं म्हणणं, तो जिंकला, विषय संपला. खालच्या वाडीचं म्हणणं, जिंकला पण त्याचं काही राहिलं नाही. कोणीतरी सखारामला विचारलंसुद्धा की ह्या गृहस्थाला शिमग्याला बोलवायचं का.

गावाला मजा वाटत होती, मृणालीला रडू येत होतं. आत्माकाकाने तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत पोचवलं होतं. आप्पा जहाजावर असताना तिला विंचू चावला तेव्हा पाठुंगळी मारून दवाखान्यात नेणारा तोच. कायद्याला प्रवेश मिळाला तेव्हा काळ्या कोटाचं कापड आणलं ते त्यानेच, कोट लागायला अजून तीन वर्षं होती तरी. काकाचं घर तुटलं तर आपली एक बाजूच जाईल असं तिला वाटत होतं. आणि ते तुटत होतं एका चहाच्या घोटापायी, त्यात भर तिने टाकली होती.

शिमगा तोंडावर आला तसे आप्पा देवीचे दागिने उजळायला बसले. नवलाईची दागिन्यांची पेटी सांभाळायचा मान त्यांच्या घराण्याकडे. रिठ्याच्या पाण्याने भरलेली परात, जुना मऊ पंचा, आणि समोर चांदीचा मुखवटा, हार, देवीच्या छत्रीच्या टोकाचं बोंड. एरवी ह्या कामाला आत्माराम असे. आज मृणाली बसली. आप्पा खाली मान घालून हार चोळत होते. मथुराने विषय काढायचा म्हणून काढला की मागे पुतणीच्या लग्नात नवरीला हा हार एक दिवस घालायला मागितला होता, तेव्हा आप्पांनी सख्ख्या भावाला उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

“काढीन नाय तर काय,” आप्पा म्हणाले. “आपला हाय काय तो द्यायला?”

मृणालीचा हात परातीतच थांबला.

“आप्पा, कोणाचा आहे हा हार?”

“असा काय इचारतस? देवीचा.”

“पण पेटी आपल्या घरात आहे. किल्ली तुमच्या कमरेला. पणजोबांपासून आपणच सांभाळतो.”

“सांभाळला म्हणून आपला होतो काय गो?”

“आणि देवळामागचा मळा?”

“तोही तिचाच. सातबाऱ्यावर तिचाच नाव हाय.”

“त्या मळ्यावरून कोर्टात जायची वेळ आली तर देवी जाईल का?”

“तिच्या वतीने गावकर जातील. देवी कशाला जाईल?”

“म्हणजे तिला सही करता येत नाही, किल्ली लावता येत नाही, कोर्टाची पायरी चढता येत नाही. तरी मळा तिचा, हार तिचा. तुम्ही माणसं तिच्यासाठी राबता, आणि त्यातलं एक बोंडसुद्धा तुमचं नाही.” मृणाली हे बोलत होती आणि बोलता बोलता तिचं तिलाच हसू फुटत होतं. “आप्पा, मग शेड कोणाची?”

आप्पांचा चोळणारा हात मंद झाला. ते लगेच हार मानणारे नव्हते. देवी ती देवी, ते म्हणाले, कंपनीला कोण नमस्कार घालतो? मृणाली म्हणाली की नमस्कार नका घालू, तिचं तिला द्या म्हणजे झालं. तुमची पुंजी तुम्ही तिला दिलीत, काकांनी जागा तिला दिली. आता ती तुमचीही नाही आणि त्यांचीही नाही. तुम्ही दोघं तिचे मानकरी.

“मग तो सालोमन जिंकला कसा?”

“तो मालक म्हणून नाही जिंकला, आप्पा. धंद्याचा मालक तो नाही, कंपनी आहे, हे कोर्टाला पटलं म्हणून तो सुटला. तुमचं-माझं दोघांचंही चुकलं. तुम्ही जिंकला कोण ते विचारलंत आणि मी का जिंकला ते सांगितलंच नाही.”

आप्पांनी हार पंच्यावर ठेवला.  मग हळूच म्हणाले की त्या दिवशी मी दुसऱ्यांदा म्हणणार होतो. आत्म्याचाच घ्या म्हणणार होतो, तोंडात चहा होता. हे सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. मथुराला तर गेले कित्येक दिवस हेच ऐकायचं होतं. ती उठून आत गेली आणि थर्मास घेऊन आली.

“चहा केलाय. त्याचा राहिलेला कप त्याला पाजून या,” ती म्हणाली.

आत्माराम आपल्या अंगणात पालखीच्या दांड्याला बांधायच्या दोऱ्या वळत होता. त्याने आप्पांना बघितलं आणि पुन्हा दोरीत मान घातली. बरोबर आलेली मृणाली अंगणाच्या फाटकाशीच थांबली. आप्पांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

“घे.”

“नको.”

“घे रे.”

“नको म्हटला ना.”

“आत्म्या, तिसऱ्यांदा सांगतोय. घे.”

आत्मारामने चहा घेतला. दोन घोट झाल्यावर त्याने साखर कमी आहे असं सांगितलं, आणि मृणाली फाटक उघडून आत आली. मग तिघं पायरीवर बसली आणि तिने पेटीची आणि हाराची गोष्ट काकालाही सांगितली. आत्माराम पंचवीस वर्षं पालखीचा पुढचा दांडा धरत होता. पालखी आपल्या खांद्यावर असली तरी आत कोण बसलंय हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने खिशातून फाटकाची किल्ली काढली, आप्पांनी कनवटीची काढली, आणि दोन्ही मृणालीच्या ओंजळीत पडल्या.

राहिला प्रश्न नावाचा. गाऱ्हाण्यात कंपनीचंच नाव घ्या, असं मृणालीने सांगितलं ते सखाराम गावकर कान देऊन ऐकत होता, पण आजवर हाडामांसाच्या माणसाशिवाय कोणाचं नाव गाऱ्हाण्यात घेतलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याने आधी विचारलं, तिचा जन्म कधीचा? मृणालीने कंपनी नोंदल्याचा दाखला दाखवला, त्यावर तारीख होती. नाव कोणी ठेवलं? मृणाली म्हणाली मी. मरण कधी? ती म्हणाली की आम्ही सगळे गेलो तरी ती राहू शकते, नीट सांभाळली तर. सखारामने दाढी खाजवली. गावात कोणाचं घर शंभर वर्षं टिकायची शाश्वती राहिली नव्हती, वाड्या ओस पडत होत्या, आणि इथे एक घर नव्याने जन्माला आलं होतं. शिवाय घर म्हटलं की त्याची शिमग्याची वर्गणी वेगळी लागणार हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मग त्याची काहीच हरकत राहिली नाही.

पालखी कातळावर चढली तेव्हा शेडीच्या दारात रांगोळी होती आणि बियांची पोती भिंतीला नीट लावलेली होती. हंगामातले हुकलेले दिवस भरून काढायला बायकांनी त्या दिवशीही दुपारपर्यंत काम केलं होतं, आणि त्याच हातांनी आता त्या आरतीची ताटं धरून उभ्या होत्या. देवीची ओटी मथुराने आणि आत्मारामच्या बायकोने, चिमाने, एकत्र भरली. हा मान बायकांचाच असल्यामुळे त्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. ढोल थांबला. सखारामने नारळ हातात घेतला आणि त्याचा आवाज कातळभर गेला.

“आई नवलाई, आज तुज्या दारचा हा नवा लेकरू, सांगाती काजू प्रायवेट लिमिटेड, तुज्या पायाशी नारळ ठेवताहा...”

“व्हय म्हाराजा!”

“त्याच्या घरात राबणाऱ्या लेकीबाळींच्या हाताला यश दे...”

“व्हय म्हाराजा!”

“आनि त्याचा घर ज्या दोन माणसांनी उभा केला, त्यांची जोडी फुटली होती ती जशी जुळवलीस, तशीच म्हातारपणी काठी टेकेपर्यंत ठेव...”

ह्या वेळी होकार जरा उशिरा आला, कारण गाव त्या दोघांकडे बघत होता. आप्पा आणि आत्माराम घोळक्यात मागे उभे होते, कोणाच्याही लक्षात येऊ नये असे. पहिला आवाज त्यांचाच आला, दोघांचा एकदम. मग गावाने उरलेला होकार भरला. मृणालीने डोळे पुसले. मॅडमना दाखवायची व्यक्ती तिला आता दिसत होती, पत्र्याच्या छपराखाली, दारात नारळ ठेवून उभी.

पालखी नाचवताना पुढचे दोन्ही दांडे आप्पांनी आणि आत्मारामने घेतले. गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी काय ते ऐकवलं, पण तो दुसरा दिवस.

घोटाळा झाला तो प्रसादाच्या नारळाचा. गाऱ्हाण्याचा नारळ गावकर घरधन्याला परत देतो. सखारामने तो पुढे केला, आप्पांनी सवयीने हात पुढे केला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आत्मारामने तर हात पाठीमागे बांधले. शेवटी नारळ शेडीतल्या वजनकाट्यावर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. बायकांपैकी कोणीतरी खोबऱ्याची आठवण काढली तर दोघंही एका सुरात म्हणाले, हात लावायचा नाही, तो कंपनीचा आहे. नवीन शिकलेलं माणूस जरा जास्तच पाळतो. मथुरा म्हणाली, बाई गं, तुझा सालोमन बरा होता, निदान बूट तरी घालून चालायचा.

आत्मारामनेच तोड काढली. त्याने मृणालीला विचारून घेतलं की कंपनीच्या वस्तूचा निर्णय कसा होतो, आणि मग संचालक मंडळाच्या सभेची सात दिवसांची रीतसर नोटीस आप्पांना घरी आणून दिली. दोन्ही घरांमध्ये करवंदीचं एक कुंपण आहे. आप्पांनी ती पोचल्याची सही केली, सभेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला, आणि दोघांनी पोत्यांवर बसून सभा घेतली.

सुट्टी संपल्यावर मृणालीने शमिका मॅडमच्या टेबलावर नवा निबंध ठेवला. सालोमन सुरुवातीलाच होता, पण ह्या वेळी तो का सुटला ते तिने पेटीतल्या हारापासून सांगत नेलं होतं. मॅडम लाल पेन घेऊनच वाचायला बसल्या, आणि रेघा पडू लागल्या तशी मृणालीच्या जिवात जीव आला. शेवटच्या पानाला तिने सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडली होती. तिथे आल्यावर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि ते मोठ्याने वाचलं.

“ठराव पहिला: देवीच्या प्रसादाचा नारळ कंपनीने फोडावा व सर्वांना वाटावा. सूचक, आप्पा. अनुमोदक, आत्माराम. टीप: सूचक होण्याचा मान दोघांनीही एकमेकांना दोनदा देऊ केला. तिसऱ्यांदा आप्पांनी घेतला. ठराव एकमताने मंजूर.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि हात पुढे केला. मृणालीने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि कंपनीने पाठवलेला खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.